मदत हवी आहे: शिडाच्या कयाकच्या पोटात पाणी शिरतंय

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. धाकटा भाऊ आणि मी हिडकलच्या जलाशयात शिडाची कयाक (वल्ह्यांची अरुंद नाव, वर शीड लावलेली) चालवतो. कयाक जुनी घेतलेली, एकसंध साच्यातली, पॉलिइथिलीनची. गेल्या तीन खेपा काठावर येऊन बूच काढलं की पोटातून चार-पाच लिटर पाणी निघतंय. नुसती वल्ही मारली तर जेमतेम पेलाभर. शिडात वारा भरला आणि नाव कलली की मात्र भरतं.

म्हणून संशय डोलकाठीच्या खोबणीवर आहे. वाऱ्याचा सगळा जोर तिथंच येतो. खोबणी काठोकाठ भरून ठेवली, सकाळपर्यंत पाणी दोन बोटं उतरलं. पण चीर बाहेरून दिसत नाही, हात आत पोचत नाही. कयाकवरच्या झाकणाचं रबरही कडक झालंय, ते बदलतोच आहे.

सिलिकॉन लावून पाहिलं, आठवड्यात सालीसारखं सुटलं. या प्लास्टिकला इपॉक्सीही धरत नाही. पाण्याच्या काळ्या टाक्याही पॉलिइथिलीनच्याच, तर टाकी वेल्डिंग करणारा माणूस हे करू शकेल का? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा निपाणी-चिकोडीकडे असं काम कुणी करतं का? खोबणीजवळ गोल भोक पाडून झाकण बसवलं तर हात जाईल, पण तिथं हल (नावेचं मुख्य अंग) कमकुवत होईल का?

आत पाणी डचमळलं की कललेली नाव पटकन सरळ होत नाही. भाऊ पंधरा वर्षांचा आहे, म्हणून दुरुस्तीपर्यंत शीड बंद ठेवलंय. ज्यांनी स्वतः अशी चीर सांधली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.