एक गाणं पूर्ण होईपर्यंत नवीन काही घ्यायचं नाही: पटतंय का कुणाला?

लूपातला_कैदी
घरी कॉम्प्युटरवर गाणी करणाऱ्यांचा विषय जुनाच आहे, पण काल परत डोकं फिरलं म्हणून लिहितोय. सेल लागला होता, रात्री साडेबाराला एका कॉम्प्रेसर प्लगिनचे (गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, हा आवाजातले चढउतार आवळतो) व्हिडिओ बघत बसलो, कार्टात टाकला पण, आणि पैसे भरायच्या आधी सहज मोजलं तर माझ्याकडे आधीच ११ कॉम्प्रेसर निघाले. अकरा! वापरतो दोन, त्यातला एक सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेला. मग प्रोजेक्टचा फोल्डर उघडला आणि अजूनच लाज वाटली. ४३ फाइली. 'नवीन बीट ३', 'नवीन बीट ३ फायनल', 'हे नक्की पूर्ण करायचं'. शेवटपर्यंत गेलेली गाणी दोन. बाकी सगळे ८ बारचे लूप (आठ आवर्तनांचे, फिरून फिरून वाजणारे तुकडे), पहिले पंधरा सेकंद झकास आणि पुढे शुकशुकाट.

तर नियम असा केलाय: गाणं पूर्ण करायचं, एक्स्पोर्ट करायचं, कुणालातरी ऐकवायचं, मगच एक वस्तू घ्यायची. तोवर प्लगिन नाही, माइक नाही, कसलं अपग्रेड नाही. पोटापाण्यासाठी करणाऱ्यांचं सोडा, आपण हौशी लोक. आपलं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं.

खर्जातला_सा
अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं हो. माझा लॅपटॉप आठ वर्षांचा, ८ जीबी रॅम. बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती नमुने (सॅम्पल) एका दमात हाताळतो तो आकडा, १०२४ च्या खाली आणला की चरचर सुरू होते. १०२४ सॅम्पल म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) २३ मिलिसेकंद, आत येताना तेवढे आणि बाहेर जाताना तेवढे, म्हणजे ४६ च्या पुढेच गेलं. तार आत्ता छेडतोय आणि आवाज नंतर येतोय, पलीकडच्या खोलीत बसून कुणीतरी माझी नक्कल करतंय असं वाटतं. मग हात आपोआप त्या आवाजाची वाट बघायला लागतो आणि सगळी लय मागे मागे सरकते. आता मला सांगा आधी गाणं पूर्ण कर मग मशीन घे. मशीन नाही म्हणूनच गाणं पूर्ण होत नाहीये ना!

वायरींचा_गुंता
@खर्जातला_सा इंटरफेसवर (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडायची डबी) डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असतं बघा पुढे, ते दाबा. आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ हेडफोनात येतो, उशीर जवळजवळ शून्य. कित्येक जणांनी ते बटण आयुष्यात दाबलेलं नसतं आणि नवीन इंटरफेस मात्र घेतलेला असतो.

खर्जातला_सा
ते गायकाला ठीक आहे. मी अॅम्प सिम्युलेटरमधून (गिटारच्या अॅम्पची नक्कल करणाऱ्या प्लगिनमधून) वाजवतो, डायरेक्टला नुसता कोरडा टिणटिण आवाज येतो. डिस्टॉर्शनशिवाय (तो फाटका, खरखरीत आवाज) डिस्टॉर्शनचं वाजवून बघा एकदा, बोटं वेगळीच पडतात.

मीटरवाली
खर्जातले दादा, एक विचारू? मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे ट्रॅक शेवटी एकत्र होतात तिथे, काय काय लावलंय?

खर्जातला_सा
एक लिनियर फेज इक्यू (जाड-बारीक आवाजांचा तोल साधणारा) आणि एक लुकअहेड लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा). मागच्या सेलमध्येच घेतलेत दोन्ही. का?

मीटरवाली
सापडलं 😄 हे दोन्ही प्लगिन आवाज आधी साठवून ठेवतात, पुढचं बघतात आणि मग सोडतात. त्यांना पुढचं दिसावं म्हणून तुम्हाला मागे थांबावं लागतं. हा उशीर बफरच्या वरचा, वेगळा. रेकॉर्ड करताना मास्टर मोकळा ठेवायचा, मास्टरिंगचं सामान मास्टरिंगला, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवताना. शिवाय जे ट्रॅक वाजवून झालेत ते फ्रीझ करा (तयार ऑडिओ करून ठेवा), प्रोसेसरवरचा भार उतरला की बफर खाली आणता येतो. तेवढं करून बघा आणि मग लॅपटॉपचं ठरवा.

लूपातला_कैदी
म्हणजे सेलमध्ये घेतलेल्या प्लगिनमुळे उशीर, आणि त्या उशिरामुळे लॅपटॉप घ्यायचा होता. माझं भाषण तुम्हीच पूर्ण केलंत की ताई.

मीटरवाली
थांबा हो, मी तुमच्या बाजूची नाहीये. नियम मला मुळीच पटलेला नाही. 'पूर्ण' म्हणजे काय ते कोण ठरवणार? घाईघाईत रद्दी एक्स्पोर्ट करून बक्षीस म्हणून सिंथ (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक आवाज बनवणारं वाद्य किंवा प्लगिन) घेणारे लोक मी बघितलेत (आरशात). माझी पद्धत वेगळी आहे, एकच अडचण तीन वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये आडवी आली तरच त्यावर पैसे घालायचे. अडचण आधी, वस्तू नंतर. आपण वस्तू बघतो आणि मग तिच्यासाठी अडचण शोधत फिरतो.

फुकटचंद
मुळात पैसे घालायचेच कशाला. सर्ज एक्सटी हा सिंथ ओपन सोर्स आहे, व्हायटल सिंथची फुकट आवृत्ती आहे, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस काहीही न कापता पूर्ण वापरून बघता येतं. हौशी माणसाची दोन वर्षं आरामात निघतील. आणि ते १९२ किलोहर्ट्झवाले इंटरफेस तर मला कळतच नाहीत, ४४.१ ला २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो आणि माणसाच्या कानाची धाव फार तर २०, तीही तरुणपणी. फाइली मात्र चौपट मोठ्या. नेमकं कुणासाठी रेकॉर्ड करताय, वटवाघळांसाठी?

जुनी_जाणती_टेप
हाय रेटने, म्हणजे सेकंदाला जास्त सॅम्पल घेऊन, एका बफरचा वेळ कमी होतो आणि सॅच्युरेशनच्या (आवाज मुद्दाम थोडा खरखरीत करणाऱ्या) प्लगिनमध्ये नको असलेली घाण कमी येते, म्हणजे अगदीच निरुपयोगी नाही. पण मशीन तेवढं दमतं, त्यामुळे हौशी माणसाला ४८ किलोहर्ट्झला २४ बिट पुरे, हे मान्य.

फुकटचं मात्र एवढं मान्य नाही. फुकट म्हणून मी चाळीसेक सिंथ उतरवून ठेवलेत आणि प्रत्येकाचा फक्त पहिला प्रीसेट (आधीच तयार ठेवलेला आवाज) मला माहितीये. पैसे गेले नाहीत पण संध्याकाळी गेल्या त्याचं काय. मी पैसे मोजून एकच सिंथ घेतला, पैसे गेलेत म्हणून चिकाटीने शिकलो, आता डोळे मिटून फिल्टर कुठे आहे ते सांगतो.

वायरींचा_गुंता
सॉफ्टवेअरवर पैसे घालताना एक बघा, ते 'कायमचं' असतं म्हणजे कुणाच्या मर्जीने कायमचं. केकवॉकने २०१६ मध्ये सोनार या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचे लाइफटाइम अपडेट विकले आणि २०१७ च्या नोव्हेंबरात मालक गिब्सनने त्याचं काम बंद केलं. लाइफटाइम कुणाचा, तर त्यांचा! पुढच्या वर्षी बँडलॅब कंपनीने ते विकत घेऊन फुकट वाटलं म्हणून लोकांचे प्रोजेक्ट वाचले. २०२३ च्या मार्चमध्ये प्लगिन बनवणाऱ्या वेव्हजने कायमची लायसन्स विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं, लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांतच परत सुरू करावं लागलं. उलट एफएल स्टुडिओवाले वर्षानुवर्षं अपडेट फुकट देतायत, म्हणजे सगळ्यांना एकाच माळेत ओवू नये. म्हणून माझी भक्ती हार्डवेअरवर. मिडी, म्हणजे वाद्यांची आपसात बोलायची पद्धत, १९८३ चं आहे, त्या काळातला पाच पिनांचा सिंथ आजच्या इंटरफेसला लावला तर गुमान वाजतो. आणि मॅकओएस कॅटालिनाने २०१९ मध्ये ३२ बिट प्रोग्रॅम चालवणं थांबवलं तेव्हा किती जुने प्लगिन एका रात्रीत गेले ते आठवा.

जुनी_जाणती_टेप
हार्डवेअर अमर, हे कुणी सांगितलं? माझ्याकडे एक फायरवायर (जोडणीचा जुना प्रकार) इंटरफेस आहे, प्रीअॅम्प (माइकचा आवाज वाढवणारा भाग) आजही गोड, पण नव्या सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर नाही आणि लॅपटॉपला ते भोकही नाही. कपाटावर आहे, धूळ छान रेकॉर्ड करतो.

नॉबप्रेमी
तुम्ही सगळे गृहीत धरून चाललाय की छंद म्हणजे गाणी बनवणं. मला दिवसभर स्क्रीन बघून झाल्यावर परत माउस नको असतो. रात्री सिंथ लावतो, दिवे बंद, कटऑफ (आवाजाचा उजळपणा बदलणारा नॉब) हळूहळू उघडत नेतो, अर्धा तास एकच सूर. रेकॉर्डही करत नाही. ज्याला मासे पकडायचा नाद असतो त्याला कुणी विचारतं का, किती किलो मिळाले? वस्तू घेणं, विकणं, बदलणं हाच माझा छंद आहे, यात अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. सेकंडहँड घेतलं तर विकताना फार तोटाही होत नाही. प्लगिनची लायसन्स विकून बघा, काही कंपन्या तर दुसऱ्याच्या नावावर करूच देत नाहीत.

लूपातला_कैदी
@नॉबप्रेमी तुम्हाला माझा नियम लागू नाही, मान्य. तुम्ही निदान स्वतःशी खोटं बोलत नाही. मी 'याने मिक्स (सगळ्या ट्रॅकचा एकत्र तोल) सुधारेल' असं म्हणत घेतो, गोची तिथे आहे.

मीटरवाली
मिक्सचा विषय निघालाच आहे तर अंगणाचं सांगते. खोली १० बाय १० फुटांची आणि चौकोनी असेल तर समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज उभा राहतो, आणि लांबी-रुंदी सारखीच म्हणून तो एकाच सुरावर दुप्पट साचतो. खोलीच्या मधोमध बसलात तर तोच सूर गायब, भिंतीला टेकलात तर नुसता घुमतोय. मग बेस कमी वाटला म्हणून वाढवायचा, गाडीत ऐकला की काचा थरथरतात, आणि घरी येऊन मोठे स्पीकर शोधायचे. मोठ्या स्पीकरला भिंती त्याच! कोपऱ्यांत जाड रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनल लावा, खुर्ची पुढेमागे सरकवून बघा. पातळ फोम चिकटवून बेस जात नाही, तो फक्त वरची चुरचुर खातो. थोडक्यात, भिंती समांतर नसलेलं वाकडं अंगण आमच्या धंद्यात चांगलं समजतात.

फुकटचंद
म्हण दुरुस्त करून घ्या रे कुणीतरी 😂

खर्जातला_सा
रिपोर्ट द्यायला आलो. मास्टरवरचे दोन्ही काढले, ड्रम आणि बेस फ्रीझ केले, बफर २५६ ला चाललाय, चरचर नाही. तार छेडली की आवाज हातात येतोय. दीड वर्षं मी हे सहन करत होतो, हसू नका. पण सॅम्पल लायब्ररी उघडली की ८ जीबीत अजूनही जीव घुसमटतो, तीन प्रोजेक्टमध्ये आडवी आलीये ही अडचण, ताईंच्या नियमाने रॅम बसतो. लॅपटॉप राहिला, रॅमच वाढवतोय.

मीटरवाली
आधी उघडून बघा, रॅम बोर्डवर कायमचा चिकटवलेला नाहीये ना.

खर्जातला_सा
...चिकटवलेलाच आहे.

नॉबप्रेमी
@लूपातला_कैदी तो बारावा कॉम्प्रेसर घेतलात का शेवटी?

लूपातला_कैदी
कार्टात आहे अजून. सेल रविवारपर्यंत आहे, 'नवीन बीट ३' चा दुसरा अंतरा लिहायला घेतलाय.