२२ महिन्यांची मुलगी, चार शब्द

सप्रेम नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. माझी मुलगी २२ महिन्यांची आहे. 'आई' आणि 'नको' धरून जेमतेम चार शब्द बोलते. चालायलाही १८व्या महिन्यात लागली. हाक मारली तर कधी वळते, कधी ढिम्म बसून राहते. जन्म पाच आठवडे आधीचा.

घरी आम्ही मराठीच बोलतो. पाळणाघरातल्या बाई म्हणतात, दोन भाषांनी ती गोंधळलीय, घरीही इथलीच भाषा बोला. सासूबाई म्हणतात, 'तिचा बाबाही तीन वर्षांपर्यंत गप्पच होता.' डॉक्टर म्हणतात, सहा महिने वाट पाहू. गरोदरपणात माझंच काही चुकलं का, हे रात्री डोक्यातून जात नाही. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, मी नेमकं काय विचारू आणि कुणाला?

— एक आई

*

ताई,

'कधी वळते, कधी ढिम्म' हे वाचलं आणि मला माझा मुलगा आठवला. जन्मानंतरच्या श्रवणचाचणीत तो पास झाला होता, त्यामुळे कानाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. आमचंही नाही. दार आपटलं की दचकायचा, म्हणून आम्ही निर्धास्त. पण त्याच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं होतं. अशा मुलाला मोठे आवाज ऐकू येतात, बोलणं मात्र दबकं येतं, 'स', 'फ' यांसारखे हलके उच्चार निसटतात. सर्दी झाली की जास्त, एरवी कमी. म्हणून एक दिवस हाकेला ओ आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही. आपण त्याला हट्टी म्हणतो. मी म्हटलंय, आणि ते अजून सलतं.

घरी पाठीमागे टाळी वाजवून पाहणं म्हणजे तपासणी नव्हे. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा, टिंपॅनोमेट्री करून घ्या. पडद्याची हालचाल मोजतात, मिनिटभराचं काम, दुखत नाही. पाणी बहुतेकदा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं. आमचं ओसरलं नाही, नळी बसवावी लागली. तुमच्याकडे कारण वेगळंही असेल, पण कान आधी.

मराठी सोडू नका, हे मी हात जोडून सांगते. दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही. शब्द मोजताना दोन्हीकडचे एकत्र मोजायचे. आम्ही वर्षभर मराठी बंद ठेवली आणि मुलाला आजीचं बोलणं कळेनासं झालं.

आणि जे चुकलं का म्हणून विचारताय, तसं तुमच्या पत्रात मला एक अक्षरही दिसलं नाही.

— दोन मुलांची आई

*

नमस्कार,

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. मुलीला न पाहता निदान करणार नाही, पण सहा महिने नुसतं थांबणं मला पटत नाही. पाच आठवडे वजा केले तरी ती जवळपास २१ महिन्यांची होते, एवढ्याने चित्र फारसं बदलत नाही. शिवाय चालणंही उशिराचं, म्हणजे हा एकट्या बोलण्याचा प्रश्न धरू नका. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा असा आग्रह धरा. ते स्नायूंचा शिथिलपणा पाहतील, गरज वाटली तर थायरॉइड किंवा गुणसूत्रांची तपासणी सांगतील. एम-चॅट ही ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता पाहणारी २० प्रश्नांची चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, ती भरायला मागा. ती चाळणीच आहे, निदान नाही. उपचार सुरू करायला निदानाचं नाव हातात असावं लागत नाही.

तोपर्यंत शब्दांपेक्षा हे पाहा: हातवारे न करता सांगितलेलं तिला कळतं का? बोटाने दाखवते का, आणि दाखवून तुमच्याकडे पाहते का? नुसता तुमचा हात ओढून वस्तूवर ठेवणं वेगळं. पूर्वी येणारा एखादा शब्द गेला असेल तर मात्र याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा.

'म्हण बघू, म्हण ना' थांबवा. ती ज्याकडे पाहतेय त्याचं नाव घ्या आणि मनात पाच मोजेपर्यंत गप्प राहा. हे गप्प राहणं आईवडिलांना सगळ्यात जड जातं.

— एक सभासद

*

दोघींचे आभार. काल पत्रं वाचून रडले, आज फोन केले. कानाच्या तपासणीची वेळ मंगळवारची मिळालीय. शब्द कुठलाच गेलेला नाही, जुने व्हिडिओ लावून पाहिले.

संध्याकाळी खिडकीपाशी बसलो होतो. विमान गेलं. तिने बोट वर केलं आणि मग वळून माझ्याकडे पाहिलं. हे ती कधीपासून करतेय मला सांगता येणार नाही, मी शब्द मोजत होते. 'विमान' म्हटलं आणि पाच मोजले. ती काही बोलली नाही, पण बोट तसंच वर होतं.

डॉक्टरांना दाखवायला असा व्हिडिओ घेतला तर चालेल का? केवढा घेऊ?

— तीच आई