रेड लाईट थेरपीचं मशीन घ्यावं का? तालुक्याच्या गावात चालेल का? सल्ला द्या

आर्वीची_फिजिओ

नमस्कार. मी फिजिओ आहे, कायरोप्रॅक्टिकचा (हातानं मणके-सांधे बसवायचा) कोर्सही केलेला आहे, आर्वीत दोन खोल्यांचं क्लिनिक आहे, सहा वर्षं होऊन गेली. पेशंट जास्त करून शेतातलेच, १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन घेऊन कंबर धरलेली माणसं नाहीतर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वाकून कापूस वेचलेल्या बाया. मागच्या आठवड्यात नागपूरहून एक मशीनवाले आले होते. रेड लाईटचं माणसाएवढं पॅनल, हातात धरायचा लेझर आणि इन्फ्रारेड सौना (आत बसवून घाम काढायची पेटी), सगळं मिळून साडेआठ लाख, हप्ते बांधून देतो म्हणे. "मॅडम, नुसत्या हाताच्या कामावर किती दिवस काढाल, वेलनेस सेंटर करा अन् दहा सिटिंगचं पॅकेज विका." खरं सांगते, मन होऊन राहिलं आहे. दिवसाला पंधरा-सोळा पेशंट करून संध्याकाळी माझाच अंगठा सुजतो. घरचे हो म्हणतात पण मला रात्री झोप नाही. कोणी घेतलं आहे का? काय घ्यावं, काय नाही?

वऱ्हाडी_शेतकरी

ताई मी पेशंटच्या बाजूनं सांगतो. मायी मान दोन वर्षांपासून धरते. शहरात एका जागी लाल लाईट लावली, दहा सिटिंगचे पैसे आधीच घेतले, चार झाल्या अन् सोयाबीन सोंगणीवर आलं, मंग कोण जाते. पैसे वापस भेटले नाही. आपल्याकडचा माणूस बाजाराच्या दिवशी येते, बाईचं तं एक दिवस आली का रोजी बुडते. पॅकेज ठेवू नका, एवढंच सांगणं. अन् एक विचारतो, लाल उजेडच पाहिजे तं सकाळचं ऊन काय वाईट आहे?

पुसदचा_फिजिओ

ताई, मी तीन वर्षांपासून लेझर वापरतो, मोठं पॅनलही घेऊन पाहिलं आणि विकलं, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी हे की प्रकार खोटा नाही. १९६७ च्या सुमारास हंगेरीत एन्ड्रे मेस्टर या डॉक्टरनं उंदरांवर कमी ताकदीचा लेझर मारला तर भादरलेल्या जागचे केस लवकर उगवले, तिथून हे सुरू झालं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भागात सायटोक्रोम सी ऑक्सिडेझ म्हणून एन्झाइम असतं ते हा प्रकाश शोषतं असं मानतात. मानदुखीवर २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १६ चाचण्या, ८२० पेशंट एकत्र करून पाहिलं होतं, जुनाट मानदुखीत उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत फरक टिकलेला दिसला. गुडघ्याच्या झिजेवरही २०१९ ला बीएमजे ओपनमध्ये २२ चाचण्यांचा आढावा आला, त्यातही फायदा दिसला, पण डोस बरोबर असला तरच. कंबरेला पुरावा कमजोर आहे आणि तुमचे निम्मे पेशंट कंबरेचेच, हे मशीनवाला सांगणार नाही.

आता डोस. त्यानं तुमच्या हातावर लाईट धरून "पाहा गरम लागते ना" म्हटलं असेल, सगळे तेच करतात. गरम लागणं म्हणजे डोस नाही, तेवढी शेक आपला जुना २५० वॅटचा लाल बल्बही देतो. विचारायचं ते हे, की वेव्हलेंग्थ (उजेडाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये मोजतात) किती आणि कातडीवर एका चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट पडतात. समजा ४० पडत असले तर १०० सेकंदात तेवढ्या जागेला ४ ज्यूल ऊर्जा मिळाली, तोच डोस, हिशेब एवढा सोपा आहे. पॅनल दोन हात लांब ठेवलं की आकडा धाडकन खाली येतो आणि कॅटलॉगवर छापलेला आकडा अगदी जवळून मोजलेला असतो, तोही बरेचदा ऊन मोजायच्या सोलर मीटरनं, जो अशा एलईडीवर जास्तच दाखवतो. अन् जास्त वेळ लावलं तर जास्त फायदा असंही नाही, एका हद्दीनंतर परिणाम उलट कमी होतो. म्हणून "अर्धा तास उभं राहा" सांगणाऱ्याकडून काही घेऊ नका.

शेतकरी दादांचं ऊन बरोबर आहे, त्यात लाल आणि इन्फ्रारेड दोन्ही असतं. पण त्यात युव्ही आणि उष्णताही आली, आणि गुडघ्याच्या नेमक्या चार जागी मोजून देता येत नाही. हिवाळ्यात सकाळी अंगणात बसायचं असेल तर खुशाल बसा, मी माझ्या आईला तेच सांगतो.

माझं मत विचाराल तर नुसता हातातला लेझर घ्या, ८०८-८१० नॅनोमीटरचा. लेझरचे ताकदीप्रमाणे क्लास असतात, ५०० मिलिवॅटपर्यंत क्लास ३बी म्हणतात, त्याच्यावर गेला की क्लास ४, त्यानं कातडी भाजू शकते. चष्मा दोघांनीही लावायचा, तुम्ही आणि पेशंटनं, आणि त्या वेव्हलेंग्थचाच. ८१० चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, माझ्याकडे एक आजी म्हणाल्या "तुझा बल्ब तं गेला रे बाबू", म्हणून दिसत नाही तर पाहायला काय हरकत असं कोणाला वाटू देऊ नका.

आणि गोंदण! हे कॅटलॉगमध्ये शोधूनही सापडणार नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांच्या हातावर, पोटरीवर गोंदलेलं असतं, ती शाई उजेड ओढून घेते. सुरुवातीला एका मावशीच्या मनगटावर मी क्लास ४ फिरवला तर तुळशीच्या गोंदणावर बरोबर तेवढाच फोड आला, बाजूची कातडी साफ. मावशी काही बोलल्या नाही, पण मी दोन रात्री झोपलो नाही. गोंदणाची जागा सोडून लावा.

देसाईगंजची_लॅबवाली

सौना अजिबात नका घेऊ ताई. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, अंगाचं पाणी आधीच गेलेलं असते. त्याच्यात आपला सिकलसेलचा पट्टा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार. एसएस पॅटर्नच्या (आई-बाप दोघांकडून हा दोष आलेल्या) माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की क्रायसिस, म्हणजे अचानक जोराचं दुखणं, येऊ शकते, त्याला पेटीत बसवून घाम काढणं म्हणजे आपणच दुखणं बोलावणं. अन् तुम्ही हाडं बसवता म्हणून आणखी एक, विशी-पंचविशीतला पोरगा खुबा दुखते म्हणून आला तर हात लावायच्या आधी सिकलसेल विचारा, सोल्युबिलिटी टेस्ट सरकारी दवाखान्यात होते. एसएसमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरते, एव्हीएन म्हणतात. एक्स-रे, लागला तर एमआरआय पाहिल्याशिवाय ना लाईट ना झटका. आमच्या इकडं असे पोरं वर्षभर मालिश करून करून उशिरा येतात, पाहवत नाही.

हिशेबनीस_वर्धा

कागदाचं थोडं सांगतो. मशीन मेडिकल डिव्हाईस म्हणून विकत असतील तर सीडीएससीओचा (औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा) परवाना मागा, नुसतं परदेशी सर्टिफिकेट दाखवतात त्यावर जाऊ नका. पॅम्प्लेटवर संधिवात, लकवा, शुगर बरी होते असलं छापू नका, १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्यात हे आजार नाव घेऊन आहेत. कायरोप्रॅक्टिकची आपल्याकडे वेगळी कौन्सिल नाही, २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याच्या यादीत फिजिओथेरपी आहे, कायरो नाही, म्हणून भिंतीवर फिजिओचं रजिस्ट्रेशन ठळक लावा. उपचाराला जीएसटी माफ आहे पण वेलनेस म्हणून वेगळं विकलं तर ती माफी लागेलच असं नाही, बिल कसं फाडायचं ते सीएला आधी विचारा.

आर्वीची_फिजिओ

सगळ्यांचे मनापासून आभार, लॅबवाल्या ताईंचं वाचून अंगावर काटा आला, असा एक मुलगा माझ्याकडे गेल्या महिन्यातच येऊन गेला, आज फोन करून बोलावलं आहे.

पुसदचे दादा, दोन शंका. शुगरच्या पेशंटच्या तळपायाला लावावं का, आग होते म्हणून खूप जण येतात. आणि लाईटचा भरवसा नाही, संध्याकाळी शेतातल्या पाण्याच्या मोटारा सुरू झाल्या की व्होल्टेज पडते.

पुसदचा_फिजिओ

तळपायाला लावायच्या आधी गरम-गार पाण्याच्या दोन टेस्टट्यूब लावून पाहा, डोळे मिटायला सांगून. कळत नसेल तर गरम करणारं काहीच नाही, ना क्लास ४, ना लाल बल्ब. आणि बधिर चट्टा दिसला तर सरळ कुष्ठरोगाच्या तपासणीला पाठवा, आपल्या भागात अजून सापडतात आणि लवकर सापडला तर बोटं वाचतात. कॅन्सरच्या गाठीवर आणि गरोदर बाईच्या पोटावर लावू नका.

व्होल्टेजसाठी बॅटरीवरचा लेझर घ्या, रात्री चार्ज करायचा. विजेचं बिल हा मुद्दाच नाही, ३०० वॅटचं पॅनल दहा मिनिटं चाललं तर युनिटचा विसावा भाग होतो. मारतो तो हप्ता.

दर मी वेगळा ठेवला नाही. मानेचं हातकाम झालं की त्यातच पाच मिनिटं लेझर, फी थोडी वाढवली. आठवड्यातून दोन-तीनदा लागतो म्हणून बाजाराचा दिवस धरून मधला एक दिवस ठरवून देतो, जो येऊ शकत नाही त्याला लावतच नाही, व्यायाम शिकवून पाठवतो. एकदाच लावून पैसे घ्यायला मन होत नाही.

आर्वीची_फिजिओ

मशीनवाल्यांना आत्ताच फोन केला. पॅनल अन् सौना नको, फक्त लेझर, तोही तीन महिने भाड्यानं द्या म्हटलं. आधी नाही म्हणाले, मग "साहेबांना विचारून सांगतो" म्हणाले. सोमवारपर्यंत वाट पाहते, नाहीतर दादा, तुम्ही कुठून घेतला ते विचारायला पुसदला येते, अंगठ्याचं पण दाखवून घेईन.

पुसदचा_फिजिओ

या, गुरुवार सोडून कधीही. येताना तुमच्या मानेच्या दोन-तीन जुन्या पेशंटचे एक्स-रे घेऊन या, कोणाला लावायचा अन् कोणाला नाही ते बसून पाहू.