देवगडजवळ 28 गुंठे बघितलेत, पण वाटेचं काही कळत नाही

डोंबिवलीचा_चाकरमानी

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात सड्यावर 28 गुंठे बघून आलो. हापूसची 14 कलमं, थोडे काजू, कोपऱ्यात विहीर. संगमेश्वरच्या वडिलोपार्जित सातबाऱ्यावर माझं नाव आहे, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नाही. वकिलाने 30 वर्षांचा सर्च काढलाय. बोजा नाही, कूळ नाही.

अडलंय ते वाटेवर. डांबरी रस्ता आणि ही जागा यांच्या मध्ये दुसऱ्याच्या जमिनीचा गट आहे. त्यातून तांबडी वाट जाते, आमची गाडी आरामात आत गेली. पण त्या वाटेचा कुठल्याच सातबाऱ्यावर उल्लेख नाही. मालक म्हणतो, "आजोबांपासूनची वाट, कोण अडवतंय?" एजंट म्हणतो, मधल्या गटवाल्यांची तोंडी संमती आहे. रविवारी 51 हजार टोकन द्यायचंय. त्याआधी काय काय बघू?

पायरीचा_आंबा

एवढं काय घाबरता? जमिनीला वाट द्यावीच लागते, कायदाच आहे. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज टाकायचा, मिळते वाट. कलमं चांगली असतील तर जागा सोडू नका.

गडग्यापलीकडचा

अगदी हाच सल्ला मला 2016 साली मिळाला होता, म्हणून जरा लांब लिहितो.

राजापूर तालुक्यात 19 गुंठे घेतले. खरेदीखतात चतुःसीमा लिहिली होती, "पूर्वेस वाट". वाचून मी खूश. ती वाट कुणाच्या जमिनीतून जाते, किती रुंद आहे, तिच्यावर माझा हक्क काय, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. शेजाऱ्याच्या जमिनीचं ओझं माझ्या खरेदीखतात लिहून त्याच्यावर थोडंच पडतं? त्याची सही कुठे होती?

दोन वर्षं काही झालं नाही. 2018 च्या मे महिन्यात शेजाऱ्याचा मुंबईचा भाऊ लग्नाला आला, नि त्याच आठवड्यात वाटेवर आडवा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. दोन गाड्या चिरा उतरला, संध्याकाळपर्यंत कमरेएवढं काम उठलं. माझी वाळू रस्त्यावरच ओतावी लागली. पावसाळ्यात निम्मी गटारातून वाहून गेली.

मी काय केलं? गोडीगुलाबीने मिटेल म्हणून थांबलो. गणपतीत बसून बोलू म्हटलं. गणपतीत ते म्हणाले, दिवाळीला सगळे येतील तेव्हा बघू. अर्ज केला तेव्हा डिसेंबर उजाडला होता. 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे, त्याखाली असला अडथळा काढून मिळतो, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत जावं लागतं. माझे सात होऊन गेले होते.

मग केलं ते 143. पंचनामा झाला, वाट मंजूरही झाली. पायरीचा_आंबा, म्हणजे तुमचं खोटं नाही. फक्त 143 ची वाट ही शेतात जायला हद्दीवरून, बांधाबांधाने मिळते. आमची हद्द व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून जाते. कागदावर वाट आहे. तिच्यावरून एखादी म्हैस जाईल, तीही उन्हाळ्यात.

दिवाणी दावाही करून बघितला. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात 20 वर्षं उघडपणे, हक्काने, विनाअडथळा वहिवाट असेल तर हक्क मिळतो. साक्षीत निघालं काय, तर माझा विकणारा दर हंगामात टेम्पो आत घ्यायच्या आधी शेजाऱ्याला आंब्याची पेटी देऊन विचारायचा. माणूस चांगला होता हो. पण विचारून चाललेली वाट म्हणजे परवानगी, हक्क नव्हे. अशी 40 वर्षं चाललात तरी.

तर तुमच्यासाठी: तोंडी संमती सोडा. मधल्या गटाच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत त्या सगळ्यांच्या सहीने वाटेच्या हक्काचा लेख दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. त्यात वाटेची रुंदी मीटरमध्ये, मोजणीचा नकाशा, आणि वाहन, पाण्याची पाइप, विजेचा खांब हे सगळं शब्दात. "जाण्यायेण्यास" एवढंच लिहिलं तर पाइपच्या वेळी पुन्हा नारळ घेऊन उभे राहाल. नंतर फेरफार घालून त्यांच्या सातबाऱ्याच्या 'इतर हक्क'त नोंद. ती पट्टीच विकत घेऊ म्हणाल तर तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावरचं बंधन आहे; जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय होत नाही. आणि हे सगळं विकणाऱ्याने करून द्यायचं, खरेदीच्या आधी. नंतर त्याला फोन लागत नाही.

सावंतीण

माझे वडील भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते, म्हणून दोन गोष्टी.

गाव नकाशाची प्रत काढा. त्यावर दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकच तुटक रेषा म्हणजे पायवाट. तुमच्या तांबड्या वाटेच्या जागी काहीच नसेल तर ती अलीकडची, कुणीतरी चालवून पाडलेली. ग्रामपंचायतीत रस्त्यांची नोंदवही असते, 23 नंबर म्हणतात, तीही बघा. मात्र 23 नंबरला नाव आलं म्हणजे खाली जमीन पंचायतीची झाली असं नाही. आमच्या गावात त्यावरूनच दोन दावे चाललेत.

दुसरं, एजंटला न घेता एकटे जा. मधल्या गटात घर असेल तर पडवीत बसा, चहा घ्या आणि सहज वाटेचा विषय काढा. म्हातारी बाई म्हणाली, "विचारूचा कशाक, गावची वाट ती," तर बरं. पण ती प्रेमाने म्हणाली, "आमीच सोडलेली आसा वाट, तुमका नाय कोण म्हणता," तर उठा. गडग्यापलीकडच्यांची पेटी तीच.

डोंबिवलीचा_चाकरमानी

सगळ्यांचे आभार. टोकन थांबवलं.

गाव नकाशा मिळाला. एकच तुटक रेषा आहे, तीही दुसऱ्या बाजूने विहिरीकडे उतरते. गाडी गेली त्या ठिकाणी नकाशा कोरा. मधल्या गटाचा सातबारा ऑनलाइन काढला तर सामाईक, 11 नावं. त्यातली दोन माणसं हयात नाहीत असं एजंटच बोलून गेला, म्हणजे वारस नोंदीही व्हायच्यात.

मालकाला फोन करून म्हटलं, 11 जणांच्या सह्या आणून द्या, भाव कमी करा म्हणत नाही. आधी म्हणाला, "होऊन जाईल." मग जरा थांबला. म्हणाला, "दहा जणांच्या आणतो. बडोद्याच्या आत्येशी आमचं 2009 पासून बोलणं नाही."

गडग्यापलीकडचा

कशावरून बोलणं बंद झालं ते विचारलंत का?

डोंबिवलीचा_चाकरमानी

विचारलं. वाटेवरूनच.