मदत हवी आहे: चर्चमध्ये साक्ष द्यायची आहे, धीर होत नाही (सोलापूर)

निळी_छत्री
सर्वांना सलाम. येत्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची आहे, म्हणजे प्रभूने माझ्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. भूतकाळ चांगला नाही, मारहाणीचा आहे. प्रभूने त्यातून बाहेर काढलं हे खरं आहे आणि तेच सांगायचंय. पण लिहायला बसलं की दोन ओळींच्या पुढे सरकत नाही, मोठ्याने वाचलं की घसा बंद. धीर कसा आणायचा? नुसतं "प्रार्थना कर" लिहू नका, ती चालू आहे. लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

सातरस्ता
ताई, आधी थोडं सांगा की ओ. किती वेळ दिलाय? कागद बघून बोलायचं की तोंडी? माइक हातात की स्टँडवर? उपासना यूट्यूबवर लाइव्ह जाते का? आणि मारहाण कुणाची, म्हणजे ते माणूस तिथे बाकावर बसलेलं असणार का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

मेंढरू_७७
ताई, घाबरू नका. दानीएलासारखा २१ दिवसांचा उपवास धरा. दुष्टाची सगळी बंधनं तुटतात. साक्षीच्या वचनाने त्याला जिंकलं असं प्रकटीकरण १२:११ मध्ये आहेच. तुम्ही बोललात की तो हरला.

कंपाउंडर
मेंढरू, रविवार चार-पाच दिवसांवर आलाय, २१ दिवस आणायचे कुठून? आणि दानीएल १०:३ नीट वाचा. त्याने चविष्ट अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडला होता. निर्जळी नव्हती ती. आधीच झोप उडालेल्या माणसाला सोलापूरच्या उन्हात उपाशी ठेवलं तर ती माइकपाशी चक्कर येऊन पडेल आणि लोक म्हणतील पवित्र आत्म्याने पाडलं.

ताई, गोळ्या चालू असतील तर साक्षीच्या आधी "आता विश्वासाने" म्हणून बंद करू नका. नैराश्याच्या गोळ्या एकदम तोडल्या की दोन-चार दिवसांत गरगरणं, मळमळ, झोप जाणं, चिडचिड सुरू होते, म्हणजे नेमकी रविवारी सकाळी.

निळी_छत्री
गोळ्या नाहीत. पाच मिनिटं. कागद चालेल. लाइव्ह असतं. माइकचं माहीत नाही. माणूस म्हणजे वडील. दारू.

कंपाउंडर
मग पहिली गोष्ट, वडिलांची दारू अचानक बंद करू नका. रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, भास, झटके येऊ शकतात, आणि त्यात जीवही जातो. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे दाखल करूनच सोडवा. जेवणात न सांगता मिसळायची पावडर जाहिरातीत दिसते ती अजिबात आणू नका. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध) असेल आणि माणूस त्यावर प्यायला तर रक्तदाब घसरतो, छातीत धडधड होते.

निळी_छत्री
वडील आता पीत नाहीत. बरीच वर्षं झाली. हे मी विचारलंच नव्हतं.

व्हेस्ट्रीतला_उंदीर
सुटले कसे? चर्चमधून? म्हणजे त्यांचीही साक्ष झाली असणार.

निळी_छत्री
हो. दर वर्षी होते. वार्षिक सभेला, कॉटेज प्रार्थनेला (घरोघरी होते ती), दुसऱ्या गावीसुद्धा बोलावतात. दारू कशी सुटली, नोकरी कशी परत मिळाली, सगळं सांगतात. लोक रडतात. घरात काय झालं ते त्यात कधीच नसतं. आई, मी आणि भाऊ पुढच्या बाकावर बसलेले असतो. मला वाटलं हे लिहायची गरज नाही.

सातरस्ता
गरज नाही कसली! धागा आता सुरू झाला.

व्हेस्ट्रीतला_उंदीर
आता प्रश्न धीराचा राहिला नाही, क्रमाचा झाला. तुम्ही पाच मिनिटांत जे बोलणार ते मंडळीला वडिलांच्या साक्षीचा राहिलेला अर्धा भाग म्हणून ऐकू येणार. आईला आणि भावाला माहीत आहे का? पाळकसाहेबांना माहीत आहे, की त्यांना "लेकीचीही साक्ष घेऊ, छान होईल" असं वाटतंय? माझ्या अंदाजाने दुसरंच. घसा बंद होतोय तो बहुधा यामुळेच, विश्वास कमी पडल्यामुळे नाही.

मेंढरू_७७
आईबापाचा मान राख, निर्गम २०:१२. उभ्या मंडळीत बापाची अब्रू काढणं ही साक्ष नव्हे. त्यांनी पश्चात्ताप केलाय, प्रभूने क्षमा केली, आता विषय संपला.

जाईजुई
जकातदार जक्कयचा विषय कुठे संपला होता? लूक १९:८ मध्ये तो उभा राहून म्हणतो, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देतो. तेही ज्यांचं घेतलं त्यांना. प्रभूचं "आज या घराला तारण झालं" त्याच्यानंतर येतं. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये बारा पायऱ्या आहेत. आठवीत दुखावलेल्यांची यादी करायची, नववीत प्रत्यक्ष भरपाई करायची, आणि नववीतच अट आहे की त्याने समोरच्याला आणखी इजा होणार असेल तर नाही. काका पाचव्या पायरीवर, म्हणजे चुका कबूल करण्यावर, टाळ्या घेऊन थांबलेत. मान राखायचा म्हणजे झाकून ठेवायचं असं पवित्र शास्त्र स्वतः तरी करत नाही, दुसरा शमुवेल उघडून दावीदाच्या घरात काय चाललं होतं ते बघा.

मेंढरू_७७
याकोब ५:१६, एकमेकांजवळ पापं कबूल करा. हिने स्वतःची करावी, दुसऱ्याची नव्हे.

जाईजुई
बरोबर, ते वचन स्वतःच्या पापाबद्दलच आहे. मार खाणं हे तिचं पाप नाही, म्हणून ते वचन इथे लागूच होत नाही. तिच्यासाठी स्तोत्रं आहेत. ५५ घ्या, ओळखीच्या माणसाने केलेल्या घाताचं. ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही. मंडळी ते गाते, तर ताईच्या साक्षीचा शेवट गोड व्हायलाच हवा असं काही नाही.

जुनी_पाने
अवांतर: पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा आणि त्यांची छापील साक्ष १९०७ ची. मधल्या काळात त्यांनी केडगावला मुक्ती मिशन (निराधार बायकांचा आश्रम) उभं केलं. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त कळला, हेही त्या साक्षीत स्वच्छ लिहितात. साक्षीला मुदत नसते एवढंच म्हणायचंय. केडगाव आपल्याच लाइनीवर आहे, पुण्याहून येताना दौंडच्या आधी.

सातरस्ता
लाइनीवर आहे पण हुतात्मा एक्सप्रेस थांबत्या का तिथं? असो. ताई, तुम्ही राहता कुठं? त्याच घरात? सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे बघा. रविवारी दुपारी बोलून झाल्यावर जेवायला कुठं बसणार, रात्री झोपणार कुठं?

निळी_छत्री
नोकरी पुण्यात. शनिवारी येते, सोमवारी सकाळच्या हुतात्माने जाते. रविवारी रात्री घरीच. पाळकांना काही माहीत नाही. भावाला सगळं माहीत आहे, तो तिथेच होता. आईशी यावर आम्ही बोलत नाही.

व्हेस्ट्रीतला_उंदीर
ठीक. आता कामाचं लिहितो, सावकाश वाचा.

हा रविवार सोडा. पाळकांना फोन करून "मला आणखी वेळ हवा" एवढंच सांगा, कारण द्यायची सक्ती नाही. साक्ष पुढे ढकलली म्हणून कुणाचं तारण अडत नाही. नवा रविवार घेताना पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा, घेऊ नका. साक्ष झाली की अर्ध्या तासात तुम्ही आणि वडील एकाच कठड्यापाशी गुडघे टेकणार, आणि सगळी मंडळी तुम्हा दोघांकडेच बघणार. समेट न होता वेदीपाशी जायचं की नाही, मत्तय ५:२३-२४, हा प्रश्न त्या क्षणी तुमच्यावर पडायला नको.

उपासनेच्या क्रमात साक्ष पहिल्या गीतानंतर ठेवायला सांगा, लगेच पुढे दुसरं गीत. सगळे उभे राहतात तेव्हा बाजूच्या दाराने व्हेस्ट्रीत (पाळकांच्या खोलीत) जाता येतं. उपदेशाच्या आधी ठेवली तर पाळक उपदेशात तुमचं उदाहरण घेणारच, मोह आवरत नाही. शेवटी ठेवली तर थेट फाटकापाशी चहाच्या गर्दीत सापडाल.

लाइव्ह तेवढा वेळ बंद ठेवायला सांगा, आणि हे तंत्र बघणाऱ्या मुलालाही वेगळं सांगा, कमिटीला सांगून त्याच्यापर्यंत पोचत नाही. "नंतर काढून टाकू" मान्य करू नका. लाइव्ह संपलं की व्हिडिओ आपोआप चॅनेलवर बसतो, आणि तो काढेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून शब्बाथशाळेच्या ग्रुपवर टाकलेला असतो.

जाईजुई
त्याच्याही आधी घर. मार्क ५:१९ मध्ये बऱ्या झालेल्या माणसाला प्रभू घरी आपल्या लोकांकडे जाऊन सांगायला पाठवतो. आणि योसेफाने भावांना ओळख दिली तेव्हा आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, उत्पत्ति ४५:१. म्हणून आधी भाऊ. काय सांगणार ते त्याला पूर्ण वाचून दाखवा, कारण त्यातला निम्मा भूतकाळ त्याचाही आहे. त्याला नको असलेलं वाक्य वगळायचं. मग आई, ती एकटी असताना, शनिवारी संध्याकाळी घाईत नाही. तिची परवानगी मागू नका, नाहीतर "नको गं" वर सगळं थांबेल. "मी हे सांगणार आहे, तुझ्याबद्दल हे एवढं येईल, त्यातलं काय नको ते सांग" असं विचारा. वडिलांना सांगायचं की नाही हे तुमच्या सुरक्षिततेवर.

मेंढरू_७७
मत्तय १८:१५ सांगतं, आधी एकांतात त्याच्याकडे जा. हे तरी मानाल की नाही?

जाईजुई
मानते. पण पुढचं वचन सोडू नका, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा. ज्याने हात उचलला त्याच्यासमोर एकटीने बसायचं नाही, आता पीत नसला तरी. भाऊ आणि पाळक, किंवा पाळकीणबाई. आणि घरात नाही, चर्चच्या कार्यालयात.

कंपाउंडर
घशाचं आता सांगतो, मघाशी राहिलं. भीतीत शरीर जास्त हवा घ्यायला घशाचं दार उघडं ठेवतं. आपण गिळायला, बोलायला गेलो की ते मिटायला बघतं. त्या ओढाताणीला आपण आवंढा म्हणतो. तो दाबून बोलू नका, आवाज फाटतो. थांबा, कोमट पाण्याचा लहान घोट घ्या, मग नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, दोनदा. बाहेरचा श्वास लांबला की ठोके उतरतात. थंडगार पाणी नको.

कागद पातळ असला की थरथर सगळ्यांना दिसते, म्हणून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. मोबाइलवरून वाचू नका, मधेच स्क्रीन बंद पडते नाहीतर फोन येतो. अक्षर मोठं, १६ पॉइंटच्या पुढे, ओळीत अंतर दुप्पट. माइक स्टँडवर मागा, एक हात कागदाला, एक टेबलाला. सावकाश बोललं तर पाच मिनिटांत पाचशेच्या आसपास शब्द बसतात, तुम्ही साडेतीनशेच लिहा. राहिलेला वेळ थांबण्यात जातोच.

सराव उभं राहून, मोठ्याने, भावासमोर. ज्या वाक्याला आवाज जातो त्याला पेन्सिलने चौकट करा आणि खाली पर्यायी वाक्य लिहून ठेवा: "पुढची काही वर्षं वाईट होती, ती मी इथे सांगत नाही." ऐनवेळी चौकट ओलांडून तिथे उडी मारायची. आणि मारहाणीचा तपशील नको, काय हातात होतं, कुठे लागलं वगैरे. ऐकणाऱ्याला तेवढंच आठवतं आणि सांगणाऱ्याचं शरीर पुन्हा तिथे जाऊन पोचतं.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस झोप नीट लागणार नाही, "कशाला बोलले" असं वाटेल. होतं तसं. रात्री फारच झालं तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन), १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. घरात पुन्हा हात उचलला गेला तर ११२, किंवा महिलांसाठी १८१.

सातरस्ता
आणि सोमवारच्या हुतात्माची वाट बघू नका ताई. रविवारी दुपारची पुण्याची गाडी धरा, नाहीतर मैत्रिणीकडं झोपा. तिकीट आधी काढून ठेवा, ऐनवेळी बसायला जागा मिळत नाही.

फाटकावर बायका घेरणार हेही धरून चला. एकच वाक्य पाठ करा: "जेवढं सांगायचं होतं तेवढं सांगितलं, प्रार्थनेत आठवण ठेवा." आणि चालत राहा. थांबलात की संपलं.

निळी_छत्री
पाळकांना फोन केला. हा रविवार रद्द, तिसरा रविवार ठरला. लाइव्ह बंद ठेवतो म्हणाले, कारण विचारलं नाही. भावाशी आज रात्री बोलते. सुरुवात लिहिली आहे, बघा:

"माझे वडील दारू प्यायचे हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी ते इथेच सांगितलं आहे. पण त्यांनी जे सांगितलं नाही ते मी आज सांगणार आहे. ते प्यायचे तेव्हा त्या घरात आम्ही तिघं होतो."

जाईजुई
तिसरं वाक्य काढा. ते आलं की लोक तुमच्याकडे बघायचं सोडून त्यांच्या बाकाकडे वळतात आणि साक्षीची फिर्याद होते. त्याच्याशिवाय वाचून बघा. "त्यांनी ते इथेच सांगितलं आहे. ते प्यायचे तेव्हा त्या घरात आम्ही तिघं होतो." सगळं तेच राहतं.

मेंढरू_७७
हे मात्र चांगलं झालं. तरी क्षमा केल्याचं वाक्य शेवटी घाला.

जाईजुई
झाली असेल तर. नसेल तर "क्षमा करायचं बळ मी प्रभूजवळ रोज मागते आहे" असं लिहा. मंडळीसमोर नसलेली क्षमा जाहीर केली तर पुढच्या वार्षिक सभेला काका तीच स्वतःच्या साक्षीत जोडून सांगतील.

निळी_छत्री
वाक्य काढलं. क्षमेचं तुम्ही लिहिलंत तेच ठेवते, रोज मागते हे खरं आहे.

गड्डा_यात्री
धागा पूर्ण वाचला नाही, पण ताई फार छान! कुठलं चर्च, किती वाजता? मी पण सोलापूरचाच, घरच्यांना घेऊन येतो ऐकायला.

निळी_छत्री
नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, दादा. वरचे प्रतिसाद वाचा.