मदत हवी आहे: पैसे आहेत, पण स्वतःवर खर्च करताना जीव घाबरतो

नमस्कार मंडळी. वय ३४, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी. कर्ज नाही, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवलाय, पीपीएफमध्ये वर्षाचे पूर्ण १.५ लाख भरते. तरी स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की छातीत धडधडतं.

परवा मेन रोडला आईसाठी ७०० रुपयांच्या चपला लगेच घेतल्या. माझ्या ४५०च्या मात्र हातात धरून पंधरा मिनिटं उभी राहिले आणि ठेवून दिल्या. जुनीचा अंगठा दोनदा शिवून झालाय.

आमची निफाड तालुक्यात कांद्याची शेती. लासलगावला भाव पडला की बाबा घरी येऊन कोणाशी न बोलता हातपाय धुवायचे. त्या दिवशी वहीसुद्धा मागायची नाही, हे न सांगता कळायचं. आता तेच म्हणतात, "घे गं, कोणासाठी साठवतेस?" तरी रात्री उठून मी हिशेब करते.

दर महिन्याला ठरावीक रक्कम फक्त स्वतःसाठी वेगळ्या खात्यात टाकावी, तिचा हिशेबच ठेवायचा नाही, असं कोणी करून पाहिलंय का? की आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलू? समुपदेशनाचा कोणाला उपयोग झाला असेल तर नक्की सांगा.