काझीरंगाचा पूर: वाईट की गरजेचा?

रानवेडा: जुलै आला की आसामच्या काझीरंगा जंगलाचे तेच व्हिडिओ फिरायला लागतात, गेंडा गळ्यापर्यंत पाण्यात, हरणं हायवेवर. २०२४ ला दोनशेच्या वर प्राणी गेले. आणि आता एके ठिकाणी वाचलं की पूर आला नाही तर काझीरंगाच राहणार नाही. काही झेपलं नाही बुवा. पाणी अडवत का नाहीत?

लाल_चहा: नोकरीनिमित्त तिकडेच जोरहाटला राहिलोय म्हणून सांगतो, पूर हवाच. ब्रह्मपुत्रा गाळ आणून टाकते, बीलांमधली (म्हणजे तिथली तळी) जलपर्णी धुऊन नेते, मासे येतात आणि गवताळ रान गवताळच राहतं, नाहीतर झाडी माजेल मग गेंडा खाणार काय. पाणी चढलं की जनावरं आपली आपण दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगरात जातात, लोचा मधल्या हायवेचा आहे. धाबे, रिसॉर्ट, ट्रक. पुरात गाडीला एका टोकाला वेळेची चिठ्ठी देतात, दुसऱ्या टोकाला लवकर पोचलात तर दंड. तरी हरणं चिरडतातच. २०१९ ला सुप्रीम कोर्टाने कॉरिडॉरमधली (म्हणजे जनावरांच्या जायच्या वाटांवरची) नवीन बांधकामं बंद केली, पण आधीची हॉटेलं काय उठून जाणारेत?

मीरा_क: सगळं हायवेवर ढकलू नका हो. पाणी झपाट्याने चढलं की रस्ता मोकळा असला तरी पिल्लं वाहून जातात, म्हणून तर आत जनावरांना चढून थांबायला मातीचे उंच ओटे घातलेत. गेंडे निदान २०२२ च्या गणतीत २६१३ होते. मला धास्ती बारशिंग्याची, ती पूर्वेकडची जात जवळपास तिथेच उरलीये, थोडी आसामातल्याच मानसच्या जंगलात नेलीत तेवढीच.

खादाड_भटक्या: २०१९ ची ती वाघीण आठवते का कुणाला? पुरातून निघून हायवेलगतच्या एका घरात शिरली आणि दिवसभर चक्क पलंगावर झोपली 😄 वनखात्याने ट्रॅफिक थांबवलं तेव्हा संध्याकाळी उठून रस्ता ओलांडून गेली.

रानवेडा: म्हणजे पुराला नाही, वाटेला अडचण आहे. बरं मग नोव्हेंबरात गेलो तर दिसेल का काही?

लाल_चहा: नोव्हेंबरात गवत हत्तीएवढं असतं. फेब्रुवारीनंतर जा, तोवर गवत जाळलेलं असतं, गेंडे जीपमधूनच दिसतील.